एसीचा गॅस 'संपत' नसतो! आधी जाळी बघा, मग मेकॅनिकला बोलवा

उन्हाळा आला की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य घरोघरी ऐकू येतं, "एसी थंड करत नाही, गॅस संपलाय वाटतं." मग मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडेही हेच झालं. अब्बांना उकाडा सोसत नाही, म्हणून त्यांच्या खोलीत एसी बसवला होता. गॅस भरून घेतला, तरी आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. शेवटी आतली जाळी काढून पाहिली, तर तिच्यावर धुळीचा जाड थर! जाळी धुतली आणि खोली पहिल्यासारखी गार झाली. गॅसचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत राहतो. खोलीतली उष्णता आतल्या युनिटमध्ये उचलतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये नेऊन सोडतो. म्हणजे गॅस खरोखर कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मेकॅनिकला स्पष्ट सांगा, "आधी गळती शोधा, ती बंद करा, मग मशीनवरच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस वजन करून भरा." नव्या एसींमध्ये बहुधा आर-३२ गॅस असतो. तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यावं.

आता बिलाचं गणित. दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालला, तर तासाला साधारण दीड युनिट वीज जाते. रोज आठ तास धरले तर महिन्याला ३६० युनिट. स्वच्छ मशीन खोली गार करून मध्ये मध्ये विसावतं, इन्व्हर्टर एसी असेल तर वेग कमी करतो. जाळी तुंबली की हवा कमी खेळते, खोली गार होत नाही आणि कॉम्प्रेसर धावतच राहतो. त्यात महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. १०० युनिटनंतर दर वाढतो, ३०० नंतर आणखी, ५०० नंतर त्याहून जास्त. म्हणजे वाया गेलेलं प्रत्येक युनिट आपल्याला सर्वात महाग दराने पडतं.

घरच्या घरी काय करता येईल?

१. मेन स्विच बंद करून दर पंधरा दिवसांनी जाळी काढा. साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच बसवा. गरम पाणी आणि तारेचा ब्रश नको. मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत कापसाचे तंतू हवेत उडतात, तिथे आठवड्याला बघा.

२. बाहेरच्या युनिटला मोकळी हवा हवी. त्यासमोर भंगार, खोकी ठेवू नका. त्याची सफाई वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी मेकॅनिककडून करून घ्या. खिडकीतून लटकून स्वतः काही करायला जाऊ नका.

३. तापमान २४ ते २६ ठेवा आणि सोबत पंखा हळू चालवा. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन जास्त वेळ चालतं. एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. १ जानेवारी २०२० पासून नव्या स्टार लेबलच्या एसींची सुरुवातच २४ अंशांवर ठेवण्याचा नियम आहे, तो याचसाठी.

४. आतल्या युनिटमधून पाणी टपकत असेल तर बहुधा पाणी जाण्याची नळी तुंबलेली असते. आत बर्फ जमला असेल तर एसी बंद करा, बर्फ वितळू द्या, जाळी धुवा. तरीही बर्फ जमला, तर मेकॅनिकला बोलवा.

५. एसीला स्वतंत्र वायरिंग आणि जाड पिनचा सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्डावर एसी कधीच लावू नका. प्लग गरम लागत असेल तर आजच इलेक्ट्रिशियनला दाखवा, आगीचा धोका असतो.

इस्राफ म्हटलं की आपल्याला दावतीत टाकलेलं अन्न आठवतं. पण वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावं, ही ज्यांची शिकवण, त्यांनी दार उघडं ठेवून रिकाम्या खोलीत एसी चालवावा का? वाचलेल्या पैशांतून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. येत्या रविवारी मुलांना सोबत घेऊनच जाळी धुवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि एकदा बघितलं की पुढच्या वेळी तीच आठवण करून देतील.