बोअरच्या पाण्याची वही ग्रामसभेत उघडा

हापशाचे पाणी नितळ दिसते, गोड लागते, म्हणून ते चांगले समजले जाते. नायट्रेटच्या बाबतीत हा अंदाज पार फसतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात भूजलातील नायट्रेटची स्थिती सर्वांत वाईट असलेल्या 15 जिल्ह्यांत 7 महाराष्ट्रातले आहेत, आणि परभणीला लागून असलेले बीड व नांदेड त्यांत आहेत. परभणीच्या मानवत तालुक्यातली काळी माती, खालचा बेसाल्ट खडक, कापूस-सोयाबीनची पिके या दोन जिल्ह्यांहून फारशी वेगळी नाहीत. त्यामुळे यादीत परभणी नाही एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. त्यापुढे सर्वाधिक धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना. नायट्रेटचे शरीरात नायट्राइट होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडते. आई बाळासाठी पाणी काळजीने उकळते, पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.

प्रदूषण कोणी केले हे विचारले, तर तारापूर औद्योगिक वसाहतीजवळच्या मच्छिमारांपुढे बोट दाखवायला कारखाने होते. त्यांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, तज्ज्ञ समितीने प्रदूषण मोजले, आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना आणि सांडपाणी प्रकल्पाला मिळून सुमारे 160 कोटींची भरपाई ठोठावली. आदेशाला पुढे आव्हान दिले गेले, तरी मोजलेले आकडे नोंदीवर आले ते आलेच. मानवतच्या शिवारात बोट दाखवायला असे कारखान्याचे फाटक नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत वीस किलोंवर नत्र असते. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपते, आणि हापशाशेजारचा उकिरडा, संडासाचा शोषखड्डा त्यात भर घालतो. दोष सगळ्यांत वाटला गेला की कोणीच पुढे येत नाही, म्हणूनच इथे मोजणी अधिक गरजेची आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांनी प्रत्येक बोअरची तपासणी पावसाळ्याआधी व नंतर करावी, आकडा वहीत लिहावा आणि ती वही ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी.

तपासणी सरकारचेच काम, असे कोणी म्हणेल. आहेच, पण भूजल सर्वेक्षण यंत्रणेची मोजकी निरीक्षण-ठिकाणे गल्लीतल्या बोअरचे सांगू शकत नाहीत, आणि नोंद हातात असली की प्रयोगशाळेची फेरतपासणी हक्काने मागता येते. आरओ बसवा, हा दुसरा सल्ला. आरओ नायट्रेट काढते खरे, पण अलग केलेले नायट्रेट सांडपाण्यातून पुन्हा जमिनीत जाते, आणि पडदा वेळेवर न बदलल्यास नुसता भ्रम उरतो. शेतकऱ्याची शंका अधिक रास्त आहे: युरिया कमी केला तर उतारा घटेल. पण सोयाबीन हवेतले नत्र मुळांच्या गाठींतून स्वतः मिळवते, आणि कपाशीला माती परीक्षणानुसार हप्त्याहप्त्याने दिलेला युरिया मुळांना जास्त लागू पडतो. ज्या बोअरचा आकडा 45 च्या वर गेला, त्यावर लाल खूण करून तान्ही बाळे असलेल्या घरांना दुसरे पाणी पोचवणे मात्र ग्रामपंचायतीला त्याच आठवड्यात जमण्यासारखे आहे.