खेळातले साखरखेर्डे कोणत्या रंगाचे?

आपल्या घरची मुले मोबाईलवर खेळ खेळतात हे आपण रोज पाहता. त्यातल्या काही खेळांत शेतही असते. लाल रंगाचे लाकडी कोठार, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या गाई, दोरी लावून पेरल्यासारखे एकसारखे पीक. हे शेत कोणत्या मुलखातले, असे मुलाला विचारून पाहा. त्याला सांगता येणार नाही. पण शेत म्हणजे असेच असते, हे मात्र त्याच्या मनात हळूहळू बसत जाते.

मागच्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याच्या एका कास्तकाराकडे कपाशीतले कामगंध सापळे पाहायला गेलो होतो. पाहणी झाली, ओसरीवर चहा आला आणि मालक म्हणाले, “साहेब, या पोरीला समजावा. शहरात चित्रकला शिकायला धाडली, तर आता म्हणते मोबाईलचा खेळ बनवतो. त्यानं पोट भरंल काय?”

मुलगी आतून एक जाड वही घेऊन आली. ती आणि तिचे चार सोबती मिळून एक खेळ तयार करीत होते. खेळाची गोष्ट १७२४ सालची, याच गावची. त्या वर्षी ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची साखरखेर्ड्याला लढाई झाली. मुबारिझखान पडला, निजामाच्या हैदराबाद राज्याचा पाया घातला गेला आणि विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. इतिहासाच्या पुस्तकात याच्या चार ओळी असतात. या मुलांच्या खेळात मात्र निजामही नायक नाही आणि मुबारिझखानही नाही. लढाईच्या आदल्या रात्री घरची बैलजोडी दोन फौजांमधून सुखरूप बाहेर काढणारी गावातली एक मुलगी, ही त्यांची नायिका. मला ही कल्पना फार आवडली. फौजा येतात आणि जातात. बैल गेले तर रब्बीची पेरणी कोण करणार?

आता ती वही. खेळ करणारी मंडळी खेळ बांधायला घेण्यापूर्वी चित्रांचे नियम कागदावर ठरवून ठेवतात. पाच माणसे चित्रे काढणार. एकाचे झाड गोल, दुसऱ्याचे टोकदार, तिसऱ्याची माती तांबडी, असे झाले तर पाहणाऱ्याला ते एक गाव वाटत नाही. म्हणून मातीचा रंग कोणता, सावली कोणत्या बाजूला, माणसाची उंची घराच्या दाराच्या मानाने किती, जवळच्या वस्तूची कड किती ठळक आणि दूरची किती फिकट, हे सारे नमुन्यासह वहीत असते. काय काढायचे याबरोबर काय काढायचे नाही, याचीही पाने असतात.

हे आपल्याला नवे नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन आठवा. त्यातला लाल त्रिकोण म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. कंपनी कोणतीही असो, खूण तीच. शिवाय लालच्या वर नुसता रंग नसतो, कवटी आणि हाडांचे चित्रही असते. म्हणजे ज्याला वाचता येत नाही किंवा ज्याच्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, तोही सावध होतो. त्या मुलीने वहीत धोक्याच्या जागांसाठी नुसता लाल रंग योजला होता. मी तिला आमच्याच औषधाचा रिकामा डबा दाखवला. तिने तेथल्या तेथे रंगासोबत एक आकारही जोडला. उन्हात मोबाईलचा पडदा धुवट दिसतो, तेव्हा रंग दगा देतो, आकार देत नाही.

खेळासाठी चित्रांचे असे पक्के नियम आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वीपासून आहेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचेच पाहा. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पाने, म्हणजे एकूण १२० गोल पाने. मत्स्याच्या संचात मासा, कूर्माच्या संचात कासव, परशुरामाच्या संचात परशू. चितारी बदलला तरी खूण बदलत नाही. बदलली तर खेळणाराच फसेल.

अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ तयार केला. आपल्या लहान भावाला सोडवायला त्रिशूळ घेऊन निघालेल्या मुलीची ती कथा. तिची चित्रे परदेशी खेळांवरून उचललेली नाहीत. पहाडी लघुचित्रांचे रंग आणि राजस्थानातील किल्ल्यांची बांधणी यांवरून ती ठरवली, आणि कथेचे काही भाग छाया-बाहुल्यांच्या रूपात दाखवले. (आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी जपली आहे, तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.) पण ‘राजी’ची दुसरी बाजूही मी त्या बापापासून लपवली नाही. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. संस्थापकांपैकी एकाला घर विकावे लागले. खेळ बाजारात आला तो ऑगस्ट २०२० मध्ये. नाव झाले, पण मधली वर्षे कोरडवाहू शेतीसारखीच गेली. तेव्हा मुलांनी शिकावे, जोडीला नोकरीची वाट मोकळी ठेवावी आणि घरच्यांनी यासाठी कर्ज काढू नये, असे माझे मत आहे. ब्लेंडर, क्रिता यांसारखी चित्रांची साधने संगणकावर फुकट मिळतात. सुरुवातीला महागड्या यंत्राची गरज नाही.

वही चाळता चाळता मी एका पानावर थांबलो. शिवाराचे सुंदर चित्र होते. पण धुऱ्यालगत गाजरगवत, मध्ये सोयाबीन, वेशीवर फुललेला गुलमोहर! आजचे साखरखेर्डे म्हणाल तर (गुलमोहराच्या फुलांचा महिना सोडून) अगदी हुबेहूब. १७२४ चे म्हणाल तर सगळेच चूक. सोयाबीन आपल्या शिवारात पसरले गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम नजरेस आले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. एकोणिसाव्या शतकाआधी तो आपल्याकडे नव्हता. मिरचीला मात्र मी हात लावू दिला नाही. ती पोर्तुगीजांमागून सोळाव्या शतकातच देशात आली होती.

मग आम्ही दोघे बसलो आणि त्या पानाची खुरपणी केली. कपाशी ठेवायची, पण आजची नव्हे. आजच्या अमेरिकन जातीच्या कपाशीचे फूल पहिल्या दिवशी पांढुरके आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. जुन्या देशी कपाशीचे फूल पिवळे, पाकळीच्या तळाशी गडद लालसर डाग, बोंड लहान आणि खाली मान घातलेले. हे नमुने तिने रंगवून घेतले. लोखंडी नांगर काढून टाकला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा, त्याआधी लाकडी. बंडीचे रबरी चाक गेले. टिनपत्रे गेली, मंगलोरी कौले गेली, धाब्याची मातीची घरे आली. काळ्या-पांढऱ्या गाई तिने स्वतःच खोडल्या.

सगळ्यांत मोठा बदल ज्वारीचा झाला. तिने ज्वारी कमरेएवढी काढली होती, कारण तिने पाहिलेली संकरित ज्वारी ठेंगणीच. सीएसएच-१ हे संकरित वाण आले १९६४ साली. त्याआधीची गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाई. ऑक्टोबरात ती कणसावर आलेली असणार, पाने अजून हिरवी, कणीस भरत चाललेले. हे ऐकताच मुलगी उठून उभीच राहिली. “काका, मग तर बैल ज्वारीतून लपवून नेता येतील!” पिकाची उंची बदलली आणि खेळाची वाटच बदलली. नियमांची वही नुसत्या शोभेसाठी नसते, हे त्या वेळी माझ्या नीट लक्षात आले.

रंगांचा पाया कशावर धरावा, असे तिने विचारले. मी म्हटले, तो आपल्या बोलीतच आहे. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, असे आपले पूर्वज म्हणत आले. शिवार काळ्या रंगावर उभे कर, गाव पांढुरक्या मातीवर. खेळणाऱ्याला पाटी न वाचता कळेल की आपण वेशीच्या आत आलो. काळीचाही एक रंग नाही. मे महिन्यात ती राखेसारखी, भेगाळलेली. पाणी पडले की काजळासारखी. वखराची पाळी दिली की वरून फिकट, आत ओलसर गडद. तिने डब्यांत तिन्ही माती भरून न्यायचे ठरवले.

ती सूचना मी अनुभवाने केली होती. काही वर्षांपूर्वी कपाशीवरील लाल्याचे एक माहितीपत्रक आम्ही छापून घेतले. पान लालसर दिसायला हवे होते, छापून आले तपकिरी. कित्येकांनी तो करपा समजून बुरशीनाशक फवारले. मॅग्नेशियमची गरज होती, पैसे गेले बुरशीनाशकात. तेव्हापासून छपाईचा नमुना आला की मी झाडाचे पान शेजारी धरून पाहिल्याशिवाय सही करीत नाही.

आपल्या घरात असे चित्र काढणारे मूल असेल तर त्याला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकलेच्या शासकीय परीक्षांना बसवा. आणि सुट्टीत वावरात न्या. आजोबांच्या वेळची तिफण माळ्यावर पडली असेल तर खाली काढून दाखवा, तिचे मोजमाप घेऊ द्या. कागदावर एकदा उतरली की ती वाळवीला सापडत नाही.

निघताना मी पाहिले, मालक वही हातात घेऊन बसले होते. चष्मा लावून बैलजोडीचे पान निरखीत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लेकीची पेन्सिल मागून घेतली आणि म्हणाले, “जू इतकं मागं नसते पोरी. वशिंडाच्या पुढं, मानंवर पायजे. अन् शिवळा कुठी हायेत याच्या?”