डॉक्टरांचा नंबर पाहिला का?

हिंगणा एमआयडीसीतली पाळी संपवून घरी येताना अंगात ताप असला, की आपण वस्तीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात शिरतो. फी देतो, गोळ्या घेतो, निघतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मात्र क्वचितच कुणी बघतं.

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला आपल्या राज्यात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती एकदा केली की जन्मभर पुरत नाही. दर ५ वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं आणि त्यासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. कौन्सिलने मान्य केलेल्या परिषदा, कार्यशाळा, व्याख्यानांना हजर राहून ते मिळतात.

हे आपल्या कामाचं कसं? टीबीचंच बघा. पूर्वी सरकारी उपचारात गोळ्या आठवड्यातून तीन दिवस असत. २०१७ पासून देशभर त्या रोज, वजनानुसार दिल्या जातात. दुसरा आजार सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजातही तो आढळतो. दुखणं उठलं की सलाईन आणि दुखण्याची गोळी, एवढ्यावरच अनेक लेकरांचं बालपण गेलं. आज तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतलं, तर दुखण्याचे झटके कमी होतात. ज्या डॉक्टरने कॉलेज सुटल्यावर नवीन काही वाचलं नाही, त्याच्याकडून ही माहिती आपल्या लेकरापर्यंत पोहोचणार कशी?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पॉइंट भरले म्हणजे डॉक्टर हुशारच, असं नाही. तो सभागृहात हजर होता, एवढंच त्यावरून कळतं. तरी नंबरच नसेल, तर विचारायला आधारच उरत नाही.

म्हणून एवढं करा :

• २००२ च्या आचारसंहितेनुसार एमबीबीएस डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठी, पावती, प्रमाणपत्रावर छापलेला असायला हवा. तो बघा.

• घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नंबर टाकून बघायला सांगा.

• बीएएमएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. होमिओपॅथीचं कौन्सिल वेगळं. मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव नाही म्हणून कुणाला लगेच बोगस म्हणू नका.

• नूतनीकरण राहिलेलं दिसलं, तर आधी डॉक्टरांनाच विचारा. कागद अडकलेले असू शकतात.

• नंबरही नाही आणि उत्तरही नाही, असं असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

विचारायला संकोच वाटतो, हे खरं. पण ज्याचं काम चोख आहे, तो डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. येत्या रविवारी विहारात येताना घरातल्या जुन्या चिठ्ठ्या सोबत आणा. प्रत्येकीवर नंबर आहे का, ते सगळे मिळून बघू.