ऑर्लांडोच्या दोन मायानगऱ्या

करमणुकीच्या कोणत्याहि स्थळाची परीक्षा करावयाची असेल, तर तेथील पाळणे किती उंच आहेत हें विचारूं नये; घरांतील किती माणसें बांकावर बसून राहतात तें मोजावें. जत्रेला गेलेल्या कुटुंबाचा देखावा बहुधा ठरलेला असतो. मुलें चक्रावर, बाप त्यांच्यामागें धांवतो आहे, आई पिशव्या सांभाळते आहे, आणि आजीआजोबा झाडाखालीं बसून "झालें कां रे?" म्हणून विचारीत आहेत. करमणूक होते, पण ती दोघांचीच. बाकीच्यांच्या वांट्याला राखण येते. अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत ऑर्लांडो शहरीं डिस्ने व युनिव्हर्सल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं अवाढव्य क्रीडोद्यानें, ज्यांना आतां आपणहि थीम पार्क म्हणतों, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर उभीं आहेत. जत्रा, सर्कस व प्रदर्शनें यांचे आम्ही लहानपणापासूनचे शौकीन. तेव्हां दोन्ही ठिकाणें पाहून त्यांना वरील कसोटी लावण्याचा योग आला, त्याची हकीकत वाचकांपुढें मांडतों.

हा योग २०२४ सालच्या मार्गशीर्षांत आला. चिरंजीवांचें बिऱ्हाड नोकरीनिमित्त तिकडे असतें. आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, १२ वर्षांची नात आणि साडेचार वर्षांचा नातू अशीं सहा माणसें निघालों. सौभाग्यवतींचे गुडघे दुखरे. नातवाची उंची ४१ इंच. आणि नात अशा वयाची कीं, दूरध्वनीवर आमच्या प्रत्येक प्रश्नाला तिचें उत्तर "हो" किंवा "नाहीं" एवढेंच. परदेशीं वाढणाऱ्या नातवंडांचे आजीआजोबा हें दुःख जाणतात. आधीं भाषा सुटते, मग तिच्यामागून नातेंहि विरत जातें. खरें पाहतां, आम्ही इतका लांबचा प्रवास केला तो खेळ पाहण्यापेक्षां या मुलीशीं चार शब्द बोलावयास मिळावे म्हणून.

प्रथम डिस्नेची कथा सांगितली पाहिजे. मिकी माउसचा जनक वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कांत लांकडी घोड्यांच्या चक्रावर बसवी आणि आपण बांकावर बसून राही. आईबापांना व मुलांना एकत्र रमतां येईल अशी जागा असावी, ही कल्पना आपणांस तेथें सुचली असें तो सांगत असे. तींतून १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड निघालें. पुढें फ्लॉरिडांत त्यानें निरनिराळ्या नांवांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारें २७,००० एकर जमीन घेतली. परंतु काम उभें राहण्यापूर्वींच १५ डिसेंबर १९६६ रोजीं तो वारला. तेव्हां त्याचे वडील बंधु रॉय यांनीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, आपली निवृत्ति लांबणीवर टाकून तें काम अंगावर घेतलें. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उद्यान उघडलें, आणि धाकट्या भावाचा लोकांना विसर पडूं नये म्हणून रॉय यांनीं त्याचें नांव 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' असें ठेवविलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत रॉयहि गेले. रामायणांत धाकट्यानें वडिलाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या. येथें वडिलानें धाकट्याच्या ठेवल्या. घराचा धर्म मात्र एकच.

या विस्तारांतील मूळ उद्यान म्हणजे मॅजिक किंग्डम. त्याच्या मध्यभागीं असलेला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच आहे. परंतु वरचे भाग क्रमाक्रमानें लहान प्रमाणांत बांधल्यामुळें तो आहे त्याहून कितीतरी उंच भासतो. आपण ज्या रस्त्यावरून चालतों तो वास्तविक दुसरा मजला होय, हें कळल्यावर तर आम्ही थक्क झालों. नोकरवर्गाला प्रेक्षकांच्या नजरेआड ये-जा करतां यावी म्हणून खालीं लांबलचक वाटा केलेल्या आहेत. फ्लॉरिडांत थोडें खणलें कीं पाणी लागतें. म्हणून या वाटा जमिनीवरच बांधल्या, जवळचें तळें खणून निघालेली माती भोंवतीं पसरली, आणि वर उद्यान उभारलें. जुन्या काळचा गुराखी वेष करून भविष्यकाळाच्या विभागांतून जातांना दिसला तर भ्रमाचा भंग होईल, एवढ्याच भीतीपोटीं हा सारा खटाटोप!

तेथें आम्हांस सर्वांत आवडली ती एक साधी होडी. १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनाकरितां तयार झालेल्या या जलयात्रेंत देशोदेशींच्या वेषांतील बाहुल्या एकच गाणें गातात. उंचीची अट नाहीं, वेग नाहीं, भय नाहीं. सहाहि जण एका होडींत बसलों. नातू आजीला बिलगून बाहुल्या मोजूं लागला. त्या घटकेला बांकावर कोणीहि उरलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं १९९८ सालीं उघडलेल्या ॲनिमल किंग्डमच्या आशिया विभागांत गेलों. तेथें 'आनंदपुर' नांवाचें एक काल्पनिक राज्य वसविलेलें आहे! पडका राजवाडा, त्याच्या भिंतींवरील चित्रें, पलीकडे खरोखरीचे वाघ. आणि जवळून वाहणाऱ्या कृत्रिम नदीचें नांव 'चक्रनदी'. नदी फिरून फिरून त्याच जागीं येते, तेव्हां समास अगदीं यथार्थ आहे. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला सातासमुद्रांपलीकडे असा शुद्ध शब्द भेटला, याचा आनंद काय वर्णावा! आम्ही उत्साहानें विग्रह सांगूं लागलों. नातीनें ऐकून घेतलें आणि "हो" म्हटलें.

आतां युनिव्हर्सल. या कंपनीचा संस्थापक कार्ल लेमली यानें १९१५ सालीं कॅलिफोर्नियांत चित्रपटांची वसाहत उघडली, तेव्हांच २५ सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण पाहूं दिलें. बोलपट आल्यावर प्रेक्षकांचा गलका अडचणीचा झाला व तें बंद पडलें. १९६४ पासून पुन्हां सुरू झालें. फ्लॉरिडांतील उद्यान ७ जून १९९० रोजीं, त्याला लागून असलेलें दुसरें १९९९ सालीं, आणि आम्ही परतल्यानंतर, २२ मे २०२५ रोजीं, तिसरें मोठें उद्यान उघडलें. दोन कंपन्यांचें मूळ पाहिलें कीं त्यांचा स्वभाव उलगडतो. एक पडदा झांकून भ्रम राखते. दुसरीनें पडदा उचलून प्रेक्षकाला कारखान्यांत नेण्यापासून आरंभ केला, आणि आतां ती त्याला थेट चित्रपटाच्या आंत ढकलते. हें ढकलणें अक्षरशः घ्यावें. हल्क नांवाच्या रोलर कोस्टरला ५४ इंच उंची लागते, वेलोसीकोस्टरला ५१, हॅरी पॉटरच्या किल्ल्यांतील मुख्य यात्रेला ४८, आणि ग्रिंगॉट्स पेढीच्या गाडीला ४२. नातू तेथें एका इंचानें अडला. आम्ही, सौ. आणि तो असे तिघे बांकावर आलों. पहिल्या दिवसाचा निकाल आमच्या मनाशीं लागल्यासारखाच होता.

दुसऱ्या दिवशीं २०१४ सालीं उघडलेल्या डायगन ॲली या गल्लींत शिरलों. हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्यांतील ही जादुगारांची पेठ. पेढीच्या शिखरावर बसलेला ड्रॅगन मधून मधून आग ओकतो, आणि विकत मिळणारी कांडी विशिष्ट जागीं उभें राहून फिरविली कीं दुकानाच्या खिडकींतील वस्तु हलूं लागतात. आम्हां उभयतांना यांतील ओ कीं ठो कळेना. तेव्हां नात आमच्याजवळ आली आणि बोलूं लागली. हें दुकान कोणाचें, ती पेढी कोण चालवितें, त्या गल्लींत चांगलीं माणसें कां जात नाहींत. ती तासभर सांगत होती. शब्द अडला कीं थांबून विचारी. "वाँडला काय म्हणायचं, आजोबा?" "कांडी." मग दिवसभर कांडी. आजीनें शंका काढल्या, तिनें त्या निवारल्या. आनंदपुरांत आम्ही गुरुजी होतों आणि ती गप्प होती. येथें ती गुरुजी झाली आणि आम्ही विद्यार्थी.

तेथून हॉगवर्ट्स एक्स्प्रेस ही आगगाडी दोन उद्यानांच्या मधून धांवते. हिला उंचीची अट नाहीं, मात्र दोन्ही उद्यानांचें तिकीट लागतें. स्थानकावर पुढचीं माणसें विटांच्या भिंतींतून आरपार गेल्याचा भास होतो. ही युक्ति जुनी आहे. १८६२ सालीं लंडन येथें जॉन हेन्री पेपर यानें ती लोकांना दाखविली : प्रेक्षकांपुढें स्वच्छ कांच असते, प्रकाशित वस्तु नजरेआड असते, आणि तिचें प्रतिबिंब कांचेंत पडून मोकळ्या जागेंत कांहीं तरंगत असल्यासारखें दिसतें. डिस्नेच्या भुताटकीच्या वाड्यांतील नाचणारीं भुतें हीं त्याच युक्तीचीं अपत्यें. प्रतिस्पर्ध्यांची विद्या एकच. फरक केवळ योजनेचा.

एक दोष मात्र दोघांचाहि सारखा. रांग टाळावयाची तर वेगळे पैसे मोजावे लागतात. डिस्नेकडे ही सोय १९९९ पासून विनामूल्य होती. २०२१ पासून तिलाहि किंमत पडली. रांगेंत सर्व माणसें समान, हा उत्सवाचा मोठा गुण. तो गेला कीं करमणुकींतहि थोरलें व धाकटें दार उत्पन्न होतें. आपल्याकडील कांहीं देवस्थानांत सशुल्क दर्शनाची प्रथा आहे, तेव्हां आपणहि फार बोलूं नये हें बरें.

तर मग सरस कोणतें? बांकाची कसोटी लावली तर डिस्ने निःसंशय सरस. म्हाताऱ्यांना व लहानग्यांना एका होडींत घेण्याची कला त्याला साधली आहे. परंतु त्या कसोटीला आम्ही एक पुरवणी जोडतों. एकत्र बसविणें हा पहिला गुण. घरांतील लहान माणसाला वडिलांना कांहीं सांगण्याची संधि देणें हा दुसरा. या दुसऱ्या गुणांत युनिव्हर्सलनें बाजी मारली. चार वर्षांचें मूल बरोबर असेल तर डिस्नेकडे जावें. बारा वर्षांचें असेल तर युनिव्हर्सलकडे जावें, आणि जाण्यापूर्वीं त्याच्या आवडीचें पुस्तक मुद्दाम वाचूं नये. त्यालाच सांगूं द्यावें.

जाणाऱ्यांसाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. मुलांची उंची घरींच मोजून न्यावी, म्हणजे दारावर रडारड होत नाहीं. मूल लहान असल्यास आईबापांपैकीं एकानें आधीं व दुसऱ्यानें मागून, पुन्हां सारी रांग न लावतां, बसण्याची सोय दोन्हीकडे आहे. ती विचारून घ्यावी.

अमेरिकेला जाण्याचा योग सर्वांनाच येतो असें नाहीं, व त्याची गरजहि नाहीं. खोपोलीजवळील इमॅजिका असो कीं गांवची जत्रा असो, आपलीं माणसें मोजावीं, आणि कोण बांकावर राहिलें तें पाहावें. होडी एकाच वेळीं सर्वांना मिळेलच असें नाहीं. पण बांकावर बसलेल्याशेजारीं येऊन "आजोबा, हें असं असतं" म्हणून सांगणारें एक मूल मिळालें, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असें खुशाल समजावें.