सोळाव्या हिश्शाचा ट्रॅक्टर

वर्सोव्याहून अंधेरी गाठून बोरिवली लोकल धरली, की थोड्याच वेळात कांदिवली येतं. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरच्या व्यवसायात पाऊल टाकलं आणि पुढे याच कांदिवलीत ‘बी-२७५’ ट्रॅक्टर तयार होऊ लागले.

अशा जुन्या ट्रॅक्टरची हुबेहूब प्रतिकृती घरच्या टेबलावर करता येते. त्यासाठी १:१६ हे प्रमाण सोयीचं. मागच्या चाकाची २८ इंची, म्हणजे ७११ मिलिमीटरची रिम इथे ४४ मिलिमीटरची होते.

पण सगळंच सोळापट कमी होत नाही. लांबी १६ पट घटली की पृष्ठभाग २५६ पट आणि घनफळ तब्बल ४,०९६ पट घटतं. म्हणून दीड टनाचा ट्रॅक्टर त्याच धातूंत घडवला, तरी प्रतिकृती भरेल जेमतेम ३६६ ग्रॅम!

खरी कसोटी जाडीची. बॉनेटचा १.६ मिलिमीटरचा पत्रा हिशोबाने ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाइतका पातळ होतो आणि बोट लागताच चेपतो. तिथे अर्ध्या मिलिमीटरचं प्लास्टिक वापरावं आणि दिसणारी कड तेवढी कानशीने घासून पातळ करावी.

गावाकडे गोठ्यामागे असा जुना ट्रॅक्टर उभा असेल, तर तो भंगारात जाण्याआधी त्याची मापं आणि चारही बाजूंचे फोटो जरूर घेऊन ठेवा.