वैद्याचे शुल्क : संकोच आणि हिशेब

परीक्षण झाले, पथ्यापथ्य सांगून झाले, की रुग्ण उठता उठता विचारतो, “वैद्यराज, किती द्यायचे?” आणि इतका वेळ ठामपणे बोलणारा वैद्य एकाएकी चाचरतो. हा प्रसंग आपणा बहुतेकांच्या परिचयाचा आहे.

आम्हीही अनेक वर्षे तपासणीचे शुल्क औषधाच्या किमतीतच मिसळत आलो. एकदा आम्लपित्ताच्या एका रुग्णभगिनीस औषधाची गरजच नव्हती. आहार व जागरण यांविषयी अर्धा तास बोललो. त्यांनी सहज विचारले, “औषध नाही, मग पैसे कसले?” आम्ही निरुत्तर झालो. दोष त्यांचा नव्हता. सल्ल्यालाही मोल असते, हे आम्हीच त्यांना कधी जाणवू दिले नव्हते. शिवाय औषध दिले तरच मिळकत, अशी व्यवस्था असली की अनावश्यक पुडी बांधण्याचा मोह होतो. खरा धोका तोच.

चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादात, चिकित्सेचा बाजार मांडणारा सोन्याची रास सोडून धुळीची रास पत्करतो, असे म्हटले आहे. त्याच पादात, उपचार घेऊन वैद्याची परतफेड न करणाऱ्यास निष्कृती नाही, असेही बजावले आहे. पहिले वचन आपण आवर्जून सांगतो, दुसरे विसरतो.

संकोचावर उपाय हिशेबाचा. समजा, जागेचे भाडे, वीज, मदतनिसाचे वेतन आदी मासिक खर्च ४०,००० रुपये आणि कुटुंबाच्या निर्वाहास ५०,००० रुपये लागतात. महिन्यास २५ दिवस, रोज सरासरी १२ रुग्ण, म्हणजे ३०० रुग्ण. प्रत्येकी शुल्क ३०० रुपये येते. औषधाची किंमत यात धरू नये; ती पावतीवर वेगळी लिहावी. पंचकर्मात तेल-तूप, परिचारकाचा वेळ व खोली यांचा हिशेब स्वतंत्र करावा.

गरजूस सवलत अवश्य द्यावी. मात्र पावतीवर पूर्ण शुल्क लिहून त्यातून वजा करावी. दयेपोटी सर्वांचेच शुल्क घटवले, तर तूट अखेर द्रव्याच्या प्रतीतून भरून निघते. औषधालय चालवणाऱ्या बंधुभगिनींना हे अधिक सांगणे नलगे.

दरपत्रक दर्शनी भागात लावावे. वाढ करावयाची असल्यास महिनाभर आधी कळवावे. आम्ही तसे केले. काही रुग्ण दुरावले, बहुतेक टिकले. आणि औषधाविना परत पाठवलेला रुग्णही आता निःशंकपणे शुल्क देऊन जातो.