दमा छातीत, खोड रक्तातही

नवी मुंबईत शेती कुठे राहिली, असे लोक हसून विचारतात. सिडकोने 1970 नंतर ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील 95 गावांची जमीन घेतली हे खरे. पण पनवेल-उरणच्या बाजूला अजून भात लागतो, झोडणी होते, आणि वाशीच्या बाजार समितीत राज्यभराचे धान्य, मिरची, कांदा उतरतो. तेव्हा तूस, भुसा आणि खकाणा आपल्या नशिबी आहेच.

मिरचीचा ठसका सगळ्यांनाच लागतो, ती काही अॅलर्जी नव्हे. पण दमट पेंढ्यावरची बुरशी, साठवणीच्या धान्यातले बारीक किडे, गाजरगवताचे पराग यांनी ठराविक माणसांनाच धाप लागते. त्यांच्या रक्तात आयजीई नावाचे द्रव्य त्या धुळीविरुद्ध तयार असते. धूळ आत गेली की श्वासनळ्या आवळतात, सुजतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते.

आता प्लेटलेट्स. डेंग्यूमुळे हा शब्द घरोघर पोचला. "पेशी किती झाल्या?" हेच जो तो विचारतो. निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत आकडा घटतो. दम्यात गोष्ट वेगळी, आकडा बहुधा ठीकच असतो, वागणूक बदलते. जखम झाली की एकमेकींना चिकटून रक्त थांबवायचे हे त्यांचे काम. अॅलर्जीच्या दम्यात मात्र जखम नसतानाच त्या जाग्या होतात. पांढऱ्या पेशींना चिकटतात आणि त्यांना फुफ्फुसात शिरायला वाट करून देतात. पोटातली रसायने सोडतात, त्यांनी सूज वाढते, आणि वर्षानुवर्षे असे चालले तर श्वासनळीची भिंत जाड होते. गंमत अशी की प्रयोगशाळेत तपासल्यावर काही दमेकऱ्यांच्या प्लेटलेट्स चिकटायला उलट मंद दिसतात. आधीच राबून थकलेल्या, असे काही संशोधक मानतात. घाबरू नका, म्हणून दमेकऱ्याचे रक्त वाहतच राहते असे नाही. साध्या रक्ततपासणीत यातले काही दिसतही नाही.

शेतकरी बंधूंना आणि हमाल-माथाडी मंडळींना खरे सांगायचे ते गोळीबद्दल. दिवसभर पोती वाहिली, अंग ठणकले की दुकानातून गोळी घ्यायची ही सवय. तिच्यात अॅस्पिरिन असेल तर एकाच गोळीने प्लेटलेटचे चिकटणे तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवसांपर्यंत, मंदावते. ते एक वेळ सोडा. पण काही दमेकऱ्यांना, त्यातही नाकात मांस वाढलेल्यांना, अॅस्पिरिन किंवा ब्रुफेनने तास-दोन तासांत जोराचा झटका येतो. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, तरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

बाकी आमच्या खात्याचे तेच सांगणे. पेंढा पुरता वाळल्याशिवाय उडवी रचू नये. भात चांगले वाळवून मगच कणगीत भरावे. खळे कोरडे झाडण्याआधी पाणी शिंपडावे. नुसता रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, नाकाला घट्ट बसणारा मास्क हवा. दम्याचा पंप दिला असेल तर तो सांगितल्याप्रमाणे रोज ओढावा, "सवय लागते" म्हणून सोडू नये. आणि हृदयासाठी डॉक्टरांनी अॅस्पिरिन चालू केली असेल तर हे वाचून ती परस्पर बंद करू नका. आपल्याला दमा आहे एवढे त्यांच्या कानावर घाला.